देवगिरीचा राजा आणि संगणकातला राजा

#थ्रेड #इतिहास

१/ बीडहून परळीकडे जाताना आमचे वडवणी लागते. शेजारच्या माजलगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक मासात तिथे दर्शनाला रीघ लागते. याच गावी यादव राजा रामचंद्रदेवाचा शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट सापडला. आजच्या थ्रेडचा विषय संगणकावरील युद्धखेळांचा आहे. पण त्यातील अवघड प्रश्नाचे उत्तर मला या ताम्रपटाजवळ सापडते.

२/ प्रश्न असा : मध्ययुगीन राज्ये चालवण्याच्या खेळांत खेळाडू एका राज्याचा धनी असतो आणि बाकीचे सारे राजे संगणक चालवतो. हे संगणक-राजे खरे का वाटत नाहीत? कधी ते मूर्खासारखे आपले राज्य गमावतात, कधी यंत्रासारखे अचूक वागतात. माणसासारखे चुकणे त्यांना का जमत नाही?

३/ ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९), ‘मिडिव्हल : टोटल वॉर’ (२००२), ‘क्रुसेडर किंग्ज २’ (२०१२) आणि ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) ही नावे अनेकांना ठाऊक असतील. ‘क्रुसेडर किंग्ज २’च्या नकाशावर भारत आला तो २०१४ साली, ‘राजाज ऑफ इंडिया’ या जोडभागातून. म्हणजे दख्खनच्या राजाला स्वभाव देण्याचे काम आता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडेही आले आहे.

४/ हा स्वभाव सहसा आकड्यांत मांडतात. आक्रमकता इतकी, लोभ इतका, प्रतिष्ठेची चाड इतकी. ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळाविषयी एक दंतकथा प्रसिद्ध आहे : गांधीजींची आक्रमकता शून्याखाली गेली, आकडा उलटून २५५ झाला आणि ते अणुबॉम्ब टाकू लागले. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात ही कथा खोटी असल्याचे सांगितले. तरी ती टिकली, कारण माणूस म्हणजे एक आकडा ही कल्पना आपल्याला सहज पटते.

५/ ‘क्रुसेडर किंग्ज ३’ पुष्कळ पुढे गेला. तिथे धाडस, लोभ, इमान, सूडबुद्धी, दया, विवेक अशी अनेक मापे आहेत. स्वभावाविरुद्ध निर्णय घेतला की त्या व्यक्तीवरचा ताण वाढतो. दयाळू माणसाला कैद्याचा वध करणे जड जाते. ही खरोखर चांगली कल्पना आहे. पण स्वभाव कितीही बारकाईने रेखाटला तरी राजा पुरा होतो का? देवगिरीच्या रामचंद्रदेवावर हे तपासून पाहू.

६/ रामचंद्रदेव १२७१ मध्ये गादीवर आला. काका महादेव यांच्या मृत्यूनंतर चुलतभाऊ आमणदेव राजा झाला होता. महानुभाव परंपरेतील कथेनुसार रामचंद्र आपल्या माणसांसह नाच्यांच्या मेळ्याच्या वेषात देवगिरीत शिरला, त्याने आमणदेवाला पकडले आणि गादी घेतली. आता या माणसाला गुण द्या : धाडसी, कपटकुशल, महत्त्वाकांक्षी. संगणकाच्या हिशेबी हा राजा सहजासहजी फसणार नाही.

७/ पण १२९६ मध्ये तो फसला. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खलजी सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. त्याने चुलत्याला खरा बेत न कळवता दक्षिणेची वाट धरली. फेरिश्ता आठ हजार घोडेस्वार सांगतो, बरनीचा आकडा त्याहून कमी आहे. यादवांच्या एकूण बळापुढे ही फौज लहानच होती.

८/ एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, पोचल्यावर त्याने वदंता उठवली : चुलत्याशी बिनसले आहे, राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला निघालो आहे. असा रुसलेला सरदार त्या काळी नवलाचा नव्हता. वदंता पटली, कारण ती रोजच्या व्यवहाराला धरून होती.

९/ वाटेत लासूरच्या घाटाजवळ यादवांचा अंमलदार कान्हा याने त्याला अडवले. इसामी या कवी-इतिहासकाराने दोन शूर स्त्री-सरदारही त्या लढाईत लढल्याचे लिहिले आहे. ही तुकडी मोडली आणि शत्रू देवगिरीच्या दाराशी येऊन ठेपला. युवराज शंकरदेव तेव्हा मोठ्या सैन्यासह दूर होता.

१०/ रामचंद्राने किल्ल्याचा आश्रय घेतला. फेरिश्ता पुढे सांगतो : घाईत धान्य समजून जी पोती वर चढवली, त्यांत मीठ निघाले. कोकणातल्या व्यापाऱ्यांनी ती तिथे टाकली होती. त्यातच अलाउद्दीनने दुसरी वदंता सोडली : ही नुसती आघाडी आहे, मागून सुलतानाचे वीस हजार स्वार येत आहेत.

११/ इथे जरा थांबू. खेळात संगणक-राजाने असा तह केला तर आपण म्हणू : “याचा एआय बिघडला आहे. समोर मूठभर फौज, किल्ला अजिंक्य, मोठे सैन्य परतीच्या वाटेवर आणि हा खंडणी देतो?” पण हा हिशेब आपल्या नकाशावरचा आहे. रामचंद्राच्या नकाशावर कोठारात धान्य होते आणि क्षितिजावर वीस हजार स्वार. दोन्ही खोटे, निर्णय मात्र त्यांवरच घ्यायचा होता.

१२/ पुढचा प्रसंग त्याहून बोलका आहे. तह ठरत असतानाच शंकरदेव परतला. पित्याचा लढू नये असा निरोप त्याने मानला नाही. त्याच्या हल्ल्यापुढे अलाउद्दीनची फळी डळमळू लागली. तेवढ्यात किल्ल्यावर नजर ठेवायला ठेवलेला मलिक नुसरत आपली तुकडी घेऊन धावून आला. उडालेली धूळ पाहून यादव सैन्याला वाटले, दिल्लीचे वीस हजार हेच. जिंकत आलेली लढाई हातची गेली.

१३/ युद्धखेळांत न पाहिलेला प्रदेश काळोखात असतो, सोडून आलेल्या भागावर धुके चढते. खेळाडूला हे धुके असते. पण खरे धुके केवळ नजरेआडच्या भूमीवर नसते. ते डोळ्यांदेखत असते : दिसलेल्या धुळीवर, मोजलेल्या पोत्यांवर, कानी आलेल्या बातमीवर. एक हजार स्वार दिसले तर संगणक एक हजारच मोजतो. शंकरदेवाच्या सैन्याला त्यांत वीस हजार दिसले.

१४/ म्हणून पहिली गरज ही : संगणक-राजाला खरी संख्या देऊ नये, बातमी द्यावी. बातमीला वय असावे, आणणारा माणूस असावा, त्या माणसाचा हेतू असावा. आठ दिवसांपूर्वीची बातमी आजची समजून राजा निर्णय घेऊ लागला की त्याच्या चुकांना कारण मिळते. मग त्या चुका मूर्खपणाच्या वाटत नाहीत.

१५/ बातमी पेरणे ही तेव्हाची राजनीतीच होती. रामचंद्राचा पणजोबा सिंघणदेव याची गुजरातशी दीर्घकाळ झुंज चालली. जयसिंहसूरीच्या ‘हम्मीरमदमर्दन’ या संस्कृत नाटकात वस्तुपाल मंत्र्याचा हेर बनावट पत्र जाणूनबुजून सिंघणाच्या हाती पडू देतो. त्यावरून लाटचा संग्रामसिंह फितूर आहे असा सिंघणाचा समज होतो आणि युती फुटते. नाटकाला इतिहास म्हणता येत नाही; पण प्रेक्षकांना असा डाव ओळखीचा वाटत होता, एवढे त्यातून नक्की कळते.

१६/ करारांचेही तसेच. ‘लेखपद्धति’ या गुजरातेतील पत्रनमुन्यांच्या संग्रहात सिंघण आणि लवणप्रसाद यांच्यातील तहाचा नमुना आहे, विक्रम संवत १२८८ चा. प्रत्येकाने आपापल्या देशात राहावे, एकमेकांवर चालून जाऊ नये, तिसऱ्याने हल्ला केल्यास साहाय्य करावे, एकाकडून मौल्यवान वस्तू घेऊन पळालेल्याला दुसऱ्याने थारा देऊ नये. खेळातील तहाच्या चौकटीत ही कलमे जशीच्या तशी बसतील.

१७/ फरक इतकाच की खेळात तहाची मुदत संपेपर्यंत तो सहसा पाळला जातो. इथे तहानंतरही गुजरातवरच्या स्वाऱ्या थांबल्या नाहीत. त्याची साक्ष आमच्याच जिल्ह्यात आहे. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर अंबाजोगाईचा. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठी पडला. बहीण लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधले; १२४० च्या शिलालेखाने ती हकीकत जपली आहे.

१८/ हा शिलालेख दुसरी गोष्टही सांगतो. बापामागून मुलगा सेनानी होतो, त्याच्यामागून घराण्याची कीर्ती मंदिरात कोरली जाते. सेना राजाची असते तशीच ती घराण्यांचीही असते. खेळात मात्र राजाने कळ दाबली की सैन्य उभे राहते आणि नेमलेल्या जागी निघते.

१९/ वडवणी-धारूरच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. कारखाना एकेका ऊसतोड मजुराला शोधत फिरत नाही. मुकादम उचल घेतो, तो कोयते जमवतो, टोळी उभी राहते. मुकादम दुसरीकडे वळला तर टोळी वळते. कारखान्याच्या कागदावरचा आकडा तसाच राहतो. काळ आणि नाते वेगळे आहे, तुलना पुरती जुळणार नाही. पण मध्ययुगीन राजाची फौज अशीच मधल्या माणसांच्या शब्दावर गोळा होत असे. म्हणून राजाने ‘लढू’ म्हणणे ही केवळ सुरुवात असते.

२०/ तिसरा मुद्दा शेजाऱ्यांचा. दिल्लीचे संकट समोर असताना देवगिरी, वारंगळ आणि द्वारसमुद्र एकत्र का आले नाहीत, हा प्रश्न आपण हळहळून विचारतो. ‘क्रुसेडर किंग्ज २’मध्ये २०१६ साली अशी व्यवस्था आली : एखादे राज्य फार वाढले की धास्तावलेले शेजारी त्याच्याविरुद्ध आपोआप संरक्षण-करार करत. अनेक खेळाडूंना ती कृत्रिम वाटली. पुढे ती बंद ठेवण्याची सोयही मिळाली.

२१/ दख्खनचा इतिहास त्या खेळाडूंच्या बाजूने आहे. रामचंद्राचा सेनापती टिक्कम १२७६ मध्ये थेट द्वारसमुद्रावर चालून गेला होता. काकतीयांशीही यादवांचे जुने वैर. दिल्ली दूर होती; शेजाऱ्याने नेलेला प्रदेश आणि केलेला अपमान मात्र रोज समोर होता. राजे धोका मोजतात हे खरे, पण ते तो आठवणीच्या तराजूत मोजतात.

२२/ म्हणूनच १३११ मध्ये मलिक काफूर द्वारसमुद्राकडे निघाला तेव्हा देवगिरीने त्याला रसद आणि वाटाडे पुरवले. यादवांचा सीमेवरचा सरदार परशुराम दळवी या मोहिमेला साहाय्य करत होता. होयसळ राजा तिसरा वीरबल्लाळ तेव्हा पांड्यांच्या भाऊबंदकीत हात घालायला दक्षिणेत गेला होता. म्हणजे १२९६ ची देवगिरीची चूक पंधरा वर्षांनी दुसऱ्या राजधानीत घडली.

२३/ या दोन सालांमध्ये काय झाले? देवगिरीची खंडणी थकली, म्हणून १३०७ च्या सुमारास काफूर चालून आला. इसामी सांगतो की रामचंद्रानेच दिल्लीला गुप्त निरोप धाडला होता : मुलगा ऐकत नाही, माझे काही चालत नाही. हे खरे मानले तर एका राज्यात दोन राजे होते, दोन धोरणे होती. खेळ विचारतो, “देवगिरी युद्ध करणार की तह?” देवगिरी दोन्ही करत होती.

२४/ रामचंद्राला दिल्लीला नेले. अलाउद्दीनने त्याचा सन्मान केला, ‘राय-ए-रायान’ हा किताब दिला, एक लाख टंका आणि नवसारीचा प्रदेश देऊन परत पाठवले. त्यानंतर तो दिल्लीशी अखेरपर्यंत इमान राखून राहिला. हरलेल्याला चिरडण्यापेक्षा बांधून घेणे स्वस्त पडते, हे सुलतानाला ठाऊक होते. खेळातील विजेत्याला हे सहसा सुचत नाही. त्याला नकाशा एका रंगात रंगवायचा असतो.

२५/ आता पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटाकडे परतू. साल १३१०. रामचंद्र दिल्लीचा मांडलिक होऊन काही वर्षे झाली आहेत. त्याचा मंत्री पुरुषोत्तम याने गोदाकाठी अग्रहार स्थापला, त्याचे हे दानपत्र. त्यातला रामचंद्र विजयी सार्वभौम आहे. त्याने राजे जिंकले, वाराणसी मुसलमानी अंमलातून सोडवली अशी प्रशस्ती आहे. मांडलिकत्वाचा सूर त्यात कोठेही नाही.

२६/ याला खोटेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण विचार करा : सामंत, मंत्री, अग्रहाराचे ब्राह्मण, गावोगावचे अधिकारी यांनी आज्ञा मानावी ती कोणाची? ‘राय-ए-रायान’ दिल्लीसाठी होता, चक्रवर्ती गोदाकाठासाठी. एकच माणूस दोन सभांपुढे दोन राजे म्हणून उभा होता आणि त्यातूनच राज्य तगले होते. खेळात मांडलिक असणे ही एक खूण असते, लागलेली किंवा पुसलेली.

२७/ त्याच्या मृत्यूनंतर हे संतुलन टिकले नाही. शंकरदेवाने खंडणी नाकारली; १३१३ मध्ये काफूरने त्याला ठार केले. पुढे रामचंद्राचा जावई हरपाळदेव उठला. मुबारकशाह खलजीने १३१८ च्या सुमारास त्याचा अंत केला. शंकरदेव आणि हरपाळदेव शूर होते यात शंका नाही. मात्र पित्याच्या सावधपणाने जे राखले होते, ते पाच-सात वर्षांत संपले.

२८/ आता संगणक-राजा घडवणाऱ्याला देवगिरी काय सांगेल? त्याला कच्ची, उशिरा आलेली, कधी पेरलेली बातमी द्या. त्याच्या आज्ञेला मधल्या माणसांच्या स्वार्थातून जाऊ द्या. त्याला जुनी वैरे आठवू द्या. घरात त्याच्याशी भांडणारा वारस ठेवा. आणि बाहेर एक, घरात दुसरा असे बोलायची मुभा द्या. स्वभावाचे आकडे यानंतर. धाडसी माणूसही मिठाच्या पोत्यांवर वेढा काढू शकत नाही.

२९/ यात एक अडचण आहे आणि ती लपवू नये. असा राजा पुष्कळदा निष्क्रिय दिसेल, विसंगत वागेल, आणि त्याची कारणे दाखवली नाहीत तर खेळाडू त्याला बिघाड म्हणेल. म्हणून कारण कधीतरी कळले पाहिजे : युद्ध संपल्यावर एखादे पत्र हाती यावे, एखाद्या कैद्याने सांगावे, ‘आम्हांला वाटले, तुम्ही वीस हजार आहात.’ त्या क्षणी पडद्यावरचा आकडा माणूस होईल.

३०/ आणि हा प्रश्न खेळापुरता नाही. यादवांच्या पतनाची चर्चा निघाली की आपण रामचंद्राला गाफील, भित्रा, नादान ठरवून मोकळे होतो. त्या वेळी आपण खेळाडूच्या खुर्चीत बसलेले असतो : सारा नकाशा उजळलेला, शत्रूची संख्या कोपऱ्यात लिहिलेली, पुढची सातशे वर्षे ठाऊक. त्याच्या चुका होत्याच. हेरांचे जाळे ढिले होते, राजधानी उघडी होती. पण दोष द्यायचा तर त्याला जे कळू शकत होते त्यावरून द्यावा, आपल्याला जे कळले आहे त्यावरून नव्हे.

३१/ ज्याने वेष बदलून देवगिरी घेतली, त्याच्याच हातून ती वदंतेने ढासळू लागली. हा माणूस कोणत्याही एका आकड्यात मावत नाही. अधिक मासात पुरुषोत्तमपुरीला गेलात तर दर्शन झाल्यावर घटकाभर गोदाकाठी बसा. या गावाच्या दानपत्रात जो राजा चक्रवर्ती आहे, तो त्याच वर्षी दिल्लीचाही होता. दोन्ही खरे मानून त्याच्याकडे पाहता आले, तर संगणकातलाही राजा आपल्याला नीट घडवता येईल.

थ्रेड समाप्त. आपल्या भागातला कोणता राजा किंवा सरदार संगणकाला समजणे अवघड जाईल, ते जरूर लिहा.